विमानतळ नेमका कुणाचा?

१६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या चौदा दिवसांत पुण्याहून एकही प्रवासी विमान उडालं नाही. दसरा नुकताच झाला होता, दिवाळी तोंडावर आली होती आणि लोहगावच्या धावपट्टीचं काम निघालं होतं. एरवी लोहगावला सगळीकडे पाटी दिसते ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. त्यामुळे ऐन सणात विमानतळ बंद करणारे हेच, असं कुणालाही वाटावं. पण ती धावपट्टी प्राधिकरणाची नाहीच. ती हवाई दलाची आहे. कधी खणायची, किती दिवस बंद ठेवायची, हे हवाई दल ठरवतं आणि बाकीच्यांनी आपलं वेळापत्रक त्याभोवती बसवायचं असतं.

भारतातल्या विमानतळांचं सगळं त्रांगडं या एका उदाहरणात दिसतं. आपण ‘पुणे विमानतळ’ असं एका दमात म्हणतो, पण तिथे धावपट्टी एकाची, टर्मिनल दुसऱ्याचं, दारावरचा जवान तिसऱ्याचा, पासपोर्टवर शिक्का मारणारा चौथ्याचा आणि तिकिटात धरलेलं शुल्क ठरवणारा पाचवाच असतो. म्हणून ‘विमानतळांचे प्रकार किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. मालकी पाहिली तर एक वर्गवारी होते, धावपट्टी पाहिली तर दुसरी, परदेशी विमानं येतात का हे पाहिलं तर तिसरी, आणि प्रवाशांची संख्या पाहिली तर चौथी. एकच विमानतळ या चारही याद्यांत वेगवेगळ्या ठिकाणी सापडतो.

जमीन राज्यात, अधिकार केंद्राचा

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीतला २९ वा विषय हवाई मार्ग, विमानं आणि विमानतळ यांचा आहे. म्हणजे विमानतळाबद्दल कायदा करणं हे संसदेचं काम. पण जमीन आणि पोलीस हे विषय राज्यांचे. त्यामुळे महाराष्ट्र सरकार जमीन संपादित करू शकतं, स्वतःची कंपनी काढून विमानतळ बांधू शकतं, त्याचं नाव काय असावं याचा ठराव विधिमंडळात करू शकतं. नाव पक्कं मात्र केंद्राच्या मंजुरीनंतरच होतं, आणि विमान उतरवण्याची परवानगीही केंद्राच्या यंत्रणेकडूनच येते. एखाद्या विमानतळाच्या नामांतराची बातमी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा का येत राहते, याचं उत्तर इथे आहे. ठराव आणि अधिसूचना यांमध्ये मुंबई ते दिल्ली एवढं अंतर असतं.

केंद्राकडून विमानतळ चालवण्याचं काम मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. आधी दोन संस्था होत्या. १९७२ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी एक आणि १९८६ पासून देशांतर्गत विमानतळांसाठी दुसरी. १ एप्रिल १९९५ ला दोन्ही एकत्र करून आजचं प्राधिकरण झालं. देशभरातल्या १३० हून अधिक विमानतळांशी त्याचा संबंध आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, अकोला, गोंदिया हे सरळसरळ त्याचे. मुंबईतला जुहूसुद्धा त्याचाच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जिथे उतरले, ते हेच जुहू. आज तिथून प्रामुख्याने हेलिकॉप्टर उडतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं ने-आण करणारीसुद्धा.

प्राधिकरणाचं दुसरं काम फारसं दिसत नाही, पण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. देशाच्या आकाशाची वाहतूक तेच सांभाळतं. मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते, तरी कंट्रोल टॉवरमध्ये बसून वैमानिकाला ‘उतरा’ म्हणणारी व्यक्ती प्राधिकरणाचीच असते. कोचीत तेच, हैदराबादला तेच, नवी मुंबईत तेच. टर्मिनल खासगी झालं म्हणून आकाश खासगी झालं असं नाही.

लष्कराच्या अंगणात

पुण्याचा विमानतळ ज्या प्रकारात मोडतो त्याला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. हवाई दलाच्या किंवा नौदलाच्या तळावर कडेची थोडी जागा नागरी वाहतुकीला दिलेली असते. तिथे प्राधिकरण टर्मिनल बांधतं आणि विमानं उभी करायला एप्रन बांधतं. धावपट्टी आणि हवाई नियंत्रण दोन्ही संरक्षण दलाकडे राहतं. जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटल्यासारखा हा मामला आहे. खोली हवी तशी सजवा, पण चौक मालकाचा, नळ मालकाचा आणि दिंडी दरवाजा कधी बंद होणार तेही मालकच सांगणार.

लोहगाव हा सुखोई लढाऊ विमानांचा तळ आहे. त्यांचा सराव असेल तेव्हा प्रवासी विमानांना थांबावं लागतं. पुण्याच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं आणि ते प्रवाशांसाठी खुलं झालं त्याच वर्षी १४ जुलैला. इमारत देखणी आहे, जागा पुष्कळ आहे, पण धावपट्टी तीच, सुमारे अडीच किलोमीटरची. पुण्याहून लांब पल्ल्याची थेट विमानं का नाहीत, असं विचारणाऱ्यांनी टर्मिनलच्या काचांकडे पाहून उपयोग नाही. भरल्या टाकीने, भरल्या विमानाने लांब जायचं तर त्याहून लांब धावपट्टी लागते, आणि ती वाढवायची तर पलीकडची जमीन आणि हवाई दलाची संमती, दोन्ही लागतात. पुरंदरला नवा विमानतळ हवा ही मागणी त्यातूनच आली. पारगाव, एखतपूर, खानवडी या भागातल्या शेतकऱ्यांचा विरोधही तितकाच जुना आहे.

गोव्यातला दाबोळीही याच प्रकारचा. पोर्तुगीजांनी बांधलेला हा तळ मुक्तीनंतर भारतीय नौदलाकडे आला आणि आज तो ‘आयएनएस हंसा’ या नावाने ओळखला जातो. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या उड्डाणांसाठी राखीव असत. म्हणून गोव्याची कितीतरी विमानं दुपारनंतर गर्दी करून येत. मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. आता गोव्याला जाणाऱ्याने तिकीट काढताना कोड बघावा. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे पेडण्याजवळचा मोपा. पाळोळ्याला जायचं असेल आणि मोपाचं तिकीट निघालं, तर अख्खं गोवा उभं ओलांडावं लागतं.

नाशिकजवळचं ओझर थोडं निराळं. तो हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा विमानतळ. मिग आणि सुखोई जिथे तयार झाले त्याच धावपट्टीवरून नाशिककर दिल्लीला जातात.

करारावर दिलेले

मुंबईचा विमानतळ ‘विकला’ असं आपण बोलून जातो. तसं झालेलं नाही. जमीन आजही प्राधिकरणाची आहे. एप्रिल २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई हे दोन विमानतळ चालवणं, वाढवणं आणि त्यातून कमाई करणं यासाठी तीस वर्षांचा करार झाला, पुढे आणखी तीस वर्षं वाढवता येईल असा. मुंबईसाठी स्थापन झालेल्या कंपनीत ७४ टक्के वाटा खासगी भागीदारांचा आणि २६ टक्के प्राधिकरणाचा. खासगी बाजू सुरुवातीला जीव्हीके समूहाकडे होती. जुलै २०२१ मध्ये ती अदानी समूहाकडे आली. या कंपनीला आपल्या उत्पन्नातले ३८.७ टक्के प्राधिकरणाला द्यावे लागतात. दिल्लीचा आकडा त्याहून जास्त, जवळपास ४६ टक्के. म्हणजे मुंबईत विमानतळावर तुम्ही शंभर रुपये मोजले, तर त्यातला मोठा हिस्सा फिरून सरकारी संस्थेच्या तिजोरीत जातो. गोंदिया किंवा अकोल्यासारखे, स्वतःचा खर्च भागवू न शकणारे विमानतळ प्राधिकरण चालवू शकतं, त्यामागे हे पैसेही आहेत.

२०१९ मध्ये अहमदाबाद, लखनौ, जयपूर, मंगळुरू, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम हे सहा विमानतळ देताना सरकारने पद्धत बदलली. उत्पन्नात वाटा मागण्याऐवजी ‘दर प्रवाशामागे किती द्याल?’ असं विचारलं. मुदत पन्नास वर्षांची. सहाही बोली अदानी समूहाने जिंकल्या. अहमदाबादसाठी दर प्रवाशामागे १७७ रुपये, जयपूरसाठी १७४. एकाच समूहाकडे इतके विमानतळ असावेत का, हा वाद तेव्हाही झाला आणि तो रास्त होता. पण मोजणीची ही पद्धत मला आधीच्यापेक्षा बरी वाटते. उत्पन्न कशाला म्हणायचं, कुठल्या उपकंपनीचं दुकान कुणाच्या हिशेबात धरायचं, यावर भांडता येतं. डोकी मोजण्यावर भांडणं अवघड आहे.

तिसरा मार्ग म्हणजे कोऱ्या जमिनीवर नवा विमानतळ. इथे पहिलं मोठं पाऊल केरळने टाकलं. १९९९ मध्ये सुरू झालेला कोचीचा विमानतळ राज्य सरकार, वित्तसंस्था आणि हजारो सामान्य भागधारक, त्यातले बरेच आखातात राबणारे मल्याळी, यांच्या पैशातून उभा राहिला. त्यानंतर २००८ मध्ये बंगळुरू आणि हैदराबादचे नवे विमानतळ आले आणि त्याच वर्षी केंद्राने अशा विमानतळांसाठी धोरण जाहीर केलं. त्यात १५० किलोमीटरचा मुद्दा आहे. जुन्या नागरी विमानतळापासून इतक्या अंतराच्या आत नवा बांधायचा असेल तर जुन्यावर काय परिणाम होईल हे तपासून केंद्राने खास मान्यता द्यावी लागते.

नवी मुंबई हे त्याचं जवळचं उदाहरण. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि चहूबाजूंनी वस्ती असल्याने तिसरी बांधायला जागा नाही. वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी अशा अवस्थेत हाताळले जातात. जुन्या करारात मुंबईच्या कंपनीला एक सवलत होती. १५० किलोमीटरच्या आत दुसऱ्या विमानतळाची निविदा निघाली आणि तिची बोली सर्वात चांगल्या बोलीच्या दहा टक्क्यांच्या आत राहिली, तर तिने ती बोली गाठून काम घ्यावं. २०१७ मध्ये नवी मुंबईची निविदा निघाली तेव्हा ही सवलत वापरायची वेळच आली नाही. उत्पन्नातला १२.६० टक्के वाटा देऊ करून तीच कंपनी पहिली आली. या विमानतळात ७४ टक्के हिस्सा अदानी समूहाचा, २६ टक्के सिडकोचा. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, विमानं त्याच वर्षी नाताळात उडू लागली. म्हणजे महामुंबईचे दोन्ही विमानतळ एकाच समूहाकडे आहेत. स्पर्धेची अपेक्षा ठेवून दुसरा विमानतळ मागणाऱ्यांना यातून काय मिळालं, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

राज्याचे स्वतःचे विमानतळही आहेत. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने शिर्डी बांधला, जो १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, आणि अमरावतीचा बेलोरा, जिथे एप्रिल २०२५ मध्ये मुंबईहून पहिलं नियमित विमान आलं. नागपुरात याच कंपनीने प्राधिकरणासोबत ५१-४९ अशी भागीदारी केली. पुढे तो विमानतळ जीएमआर समूहाला द्यायचं ठरलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये मार्गी लागलं. सिंधुदुर्गातला चिपी एमआयडीसीच्या जमिनीवर आयआरबी कंपनीने बांधला.

धावपट्टी काय सांगते

चिपीला २०१८ मध्ये गणपतीच्या तोंडावर पहिलं चाचणी विमान उतरलं. गाजावाजा झाला. नियमित प्रवासी विमान यायला मात्र ९ ऑक्टोबर २०२१ उजाडला. चाचणीला विमान उतरणं आणि परवाना मिळणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा परवाना देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे ‘डीजीसीए’ म्हणतात. परवाने दोन प्रकारचे. खासगी वापराचा, म्हणजे मालकाच्या आणि त्याने परवानगी दिलेल्यांच्या विमानांसाठी. आणि सार्वजनिक वापराचा, जो तिकीट विकून चालणाऱ्या नियमित विमानांसाठी लागतो.

परवान्याच्या मागे जी तांत्रिक वर्गवारी असते, ती जगभर सारखी आहे. एक आकडा आणि एक अक्षर. आकडा विमानाला उड्डाणासाठी किती लांबी लागते त्यावरून ठरतो, १ ते ४. बाराशे ते अठराशे मीटर लागत असेल तर ३, अठराशे किंवा त्याहून जास्त असेल तर ४. ही लांबी समुद्रसपाटीवरच्या ठरावीक हवामानासाठी मोजलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात किंवा लेहच्या उंचीवर हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच विमानाला जास्त धावावं लागतं. अक्षर ठरतं पंखांच्या पसाऱ्यावरून. २४ ते ३६ मीटर पसारा असलेली विमानं ‘सी’ गटात येतात. इंडिगोचं नेहमीचं एअरबस ३२० जेमतेम ३६ मीटरच्या आत बसतं, म्हणून ते ‘४सी’. पंखे लावलेलं एटीआर-७२ हे ‘३सी’. बोइंग ७७७ चे पंख ६५ मीटरच्या जरा आत, म्हणून ‘४ई’. दुमजली एअरबस ३८० चे पंख जवळपास ८० मीटर, ते ‘४एफ’.

या जोडीवरून टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टी आणि एप्रन यांना जोडणारा विमानांचा रस्ता, किती रुंद हवा, विमान उभं करायच्या जागांमध्ये किती अंतर हवं, हे सगळं ठरतं. अमरावतीची धावपट्टी १८५० मीटरची आहे, म्हणून तिथे एटीआर येतं. उद्या बेलोऱ्याला ‘मोठं’ विमान हवं अशी मागणी झाली तर खर्च धावपट्टीच्या डांबरापुरता नसतो. बाजूची मोकळी पट्टी, एप्रन, दिवे, अग्निशमन, सगळंच एक पायरी वर न्यावं लागतं.

अग्निशमनाची वेगळी वर्गवारी आहे, १ ते १०. ती विमानाच्या लांबीवर आणि धडाच्या रुंदीवर ठरते. एटीआर-७२ ला पाचवी पातळी पुरते, एअरबस ३२० ला सहावी, बोइंग ७७७-३०० ला नववी आणि ३८० ला दहावी. गाड्या किती, पाणी आणि फेस किती लिटर, माणसं किती, हे पातळीनुसार बांधलेलं असतं. शिवाय धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पहिली गाडी तीन मिनिटांच्या आत पोहोचली पाहिजे. छोट्या विमानतळावर एक बंब दुरुस्तीला गेला तर पातळी खाली येते. पातळी खाली आली की मोठं विमान उतरवता येत नाही, धावपट्टी कितीही चकचकीत असली तरी. विमानतळाची ऐपत जोखायची झाली तर मी टर्मिनलच्या छताऐवजी ही पातळी विचारीन.

मग येतं दिसण्याचं. काही विमानतळांवर वैमानिकाला डोळ्यांनी जमीन पाहूनच उतरावं लागतं, त्यासाठी किमान पाच किलोमीटर दिसलं पाहिजे. काहींवर उपकरणांच्या आधारे त्याहून कमी दृश्यतेतही उतरता येतं. शिर्डीला सुरुवातीच्या काळात थंडीतल्या धुरकट सकाळी विमानं रद्द होत ती यामुळे. रात्रीच्या उतरणीसाठी तर २०२५ उजाडलं. भाविकांना वाटे कंपनीच हलगर्जी करते. खरं तर वैमानिकाला नियमाने खाली येताच येत नसे.

विमानतळाचे नियम कुंपणाबाहेरही लागू असतात. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून आकाशात चढत जाणारा एक कल्पित उतार असतो आणि त्याच्या वर काहीही डोकावता कामा नये. सोलापूरकरांनी हे जवळून पाहिलं. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. कारखाना हजारो सभासद शेतकऱ्यांचा, विमानतळ शहराच्या आशेचा. आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, बैठका असं सगळं झाल्यावर १५ जून २०२३ ला चिमणी पाडली गेली. प्रवासी विमानसेवा सुरू व्हायला त्यानंतरही दोन वर्षं लागली. मुंबईतही विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरच्या किती इमारतींची उंची, कुठे किती उंच बांधता येईल हे दाखवणाऱ्या विमानतळाच्या रंगीत नकाशाने अडवली आहे. उंची वाढवायची तर प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो.

डोंगरमाथ्यावरच्या विमानतळांची गोष्ट अर्थातच वेगळी. मंगळुरू आणि कोळीकोडला धावपट्टीच्या टोकाशी दरी आहे. मे २०१० मध्ये मंगळुरूला विमान धावपट्टी ओलांडून खाली गेलं आणि १५८ जण गेले. ऑगस्ट २०२० मध्ये कोळीकोडला पावसात तसंच घडलं, २१ जण दगावले. अशा विमानतळांना डीजीसीए ‘क्रिटिकल’ मानते आणि तिथे उतरवणाऱ्या वैमानिकांसाठी वेगळे, कडक नियम असतात.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाची किंमत

ही वर्गवारी लोकांना सर्वात जास्त प्रिय आणि माझ्या मते सर्वात कमी महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय दर्जा केंद्र सरकार देतं. त्यासाठी पासपोर्ट तपासणारे, म्हणजे गृह मंत्रालयाचे लोक हवेत; कस्टम्सचे, म्हणजे अर्थ मंत्रालयाचे हवेत; आरोग्य तपासणी हवी. त्याखालची पायरी म्हणजे कस्टम्स विमानतळ. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या सातव्या कलमानुसार एखादा विमानतळ तसा जाहीर झाला की तिथे मर्यादित प्रमाणात परदेशी प्रवास चालतो, हज यात्रेची विमानंही सोडता येतात. बाकीचे सगळे देशांतर्गत.

पण दर्जा मिळाला म्हणजे परदेशी विमानं आली असं होत नाही. परदेशी कंपनी भारतात कुठल्या शहरात उतरेल हे दोन देशांमधल्या करारात लिहिलेलं असतं. केरळातला कन्नूर पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी घेऊन सुरू झाला, आखातात त्या भागातली लाखो माणसं, आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळालेला. तरी करारात नाव नसल्याने परदेशी कंपन्यांना तिथे यायची परवानगी मिळाली नाही, आणि सगळा भार भारतीय कंपन्यांवर राहिला. म्हणून आपल्या शहराच्या विमानतळाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ लागलं की पेढे वाटण्यापूर्वी दुबईच्या विमानाचं वेळापत्रक पाहावं.

तिकिटातले पैसे

तिकिटाच्या तपशिलात दोन ओळी विमानतळाशी संबंधित असतात. पहिली सुरक्षा शुल्काची. देशांतर्गत प्रवासाला २०२१ पासून २०० रुपये, कुठल्याही विमानतळाहून निघालात तरी सारखेच. १९९९ च्या डिसेंबरमध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान कंदाहारला पळवून नेलं गेलं, त्यानंतर राज्य पोलिसांऐवजी सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान विमानतळांवर आणले जाऊ लागले. सुरुवात २००० मध्ये जयपूरहून झाली. जवान सीआयएसएफचे, पण पाण्याची बाटली आत न्यायची की नाही हे ठरवणारी संस्था वेगळी, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो. त्यामुळे रांगेत जवानाशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही.

दुसरी ओळ ‘यूडीएफ’ची, म्हणजे विमानतळ वापरल्याबद्दलच्या शुल्काची. ही रक्कम विमानतळागणिक बदलते. इथे चौथी वर्गवारी येते, ‘मेजर’ विमानतळांची. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेला विमानतळ मेजर ठरतो. २०१९ पूर्वी ही मर्यादा १५ लाखांची होती. मेजर विमानतळांचे दर २००९ मध्ये स्थापन झालेलं आर्थिक नियामक प्राधिकरण, बोलीभाषेत ‘एरा’, ठरवतं. बाकीच्यांचे दर सरकार पाहतं. पुण्याहून वर्षाला कोटीच्या आसपास लोक जातात-येतात, म्हणून पुणे एराकडे.

दर ठरवण्याचं गणित असं. विमानतळाने केलेली गुंतवणूक, त्यावर ठरावीक परतावा, घसारा, रोजचा खर्च आणि कर यांची बेरीज करतात. एवढे पैसे विमानांच्या लँडिंग व पार्किंगच्या आकारातून आणि यूडीएफमधून मिळाले पाहिजेत. पण विमानतळ दुकानं, हॉटेलं, जाहिराती, वाहनतळ यांतूनही कमावतो. त्या कमाईतले ३० टक्के वरच्या बेरजेतून वजा करतात, उरलेले ७० टक्के विमानतळ चालवणारा ठेवतो. म्हणून विमानतळ मॉलसारखे होत चालले आहेत. सुरक्षा तपासणीतून सुटल्यावर गेटपर्यंत जायचा रस्ता अत्तराच्या दुकानातून वळणं घेत जातो, तो वास्तुविशारदाच्या लहरीने नव्हे.

छोट्या विमानतळांचं अर्थकारण उलटं आहे. प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंगचा आकार माफ असतो. त्यावर ‘उडान’ योजनेची भर पडली. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्लीसोबत नांदेड-हैदराबाद हे विमानही त्या योजनेत सुरू झालं. काही आसनं ठरलेल्या कमी दराने विकायची, विमान कंपनीला होणारी तूट केंद्र आणि राज्य मिळून भरणार, आणि केंद्राच्या वाट्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लहानसा आकार. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी थोडा वाटा उचलतो आणि जळगावचा प्रवासी उडतो. ही मदत मार्ग सुरू झाल्यापासून तीन वर्षांपुरती असते. तीन वर्षं सरली आणि विमानात पुरेसे प्रवासी नसले की मार्ग गुपचूप बंद होतो, आणि मग विमानतळ असतो, दिवे असतात, बंब असतो, विमान नसतं. चिपीच्या प्रवाशांनी हे अनुभवलं आहे. तरीही प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवा हा आग्रह सुटत नाही. दीड-दोनशे किलोमीटरवर चांगला विमानतळ असेल तर रस्ता आणि रेल्वेवर तेच पैसे जास्त लोकांच्या कामी येतील, असं माझं मत. अमरावती किंवा गोंदियाचा माणूस त्याच्याशी सहमत होईलच असं नाही.

यूडीएफच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मेजर विमानतळाचे पुढच्या काही वर्षांचे दर ठरवण्यापूर्वी एरा आपल्या संकेतस्थळावर सविस्तर मसुदा प्रसिद्ध करते. त्यात गुंतवणुकीचा, खर्चाचा, प्रवाशांच्या अंदाजाचा सगळा हिशेब मांडलेला असतो, आणि त्यावर कुणालाही लेखी हरकत नोंदवता येते. विमान कंपन्यांच्या संघटना पानंच्या पानं लिहून पाठवतात, विमानतळ कंपन्या त्यांना उत्तरं देतात. साध्या प्रवाशाचं पत्र त्या गठ्ठ्यात क्वचितच सापडतं.